जळगावात राहतो. विमान शिकायला सुरुवातीला कोणतं हलकं स्पोर्ट विमान घ्यावं?

भाऊ, आधी विमान नका शोधू, शिकवणारा शोधा. त्यासाठी मुंबई-पुणे गाठायची गरज नाही. धावपट्टी धुळ्याला गोंदूरला आहे, शिरपूरला आहे, जळगावला तर विमानतळच आहे. प्रशिक्षक ज्यावर शिकवतो ते तुमचं पहिलं विमान, भले ते जुनं सेसना १५२ का असेना.

तरी घ्यायचंच असेल तर मॉडेलच्या आधी वजन बघा. अमेरिकेत हलक्या स्पोर्ट विमानाची संकल्पना रुजली तेव्हाची मर्यादा होती दोन सीट, एक इंजिन आणि उड्डाणावेळी कमाल ६०० किलो. रिकामं विमानच साधारण साडेतीनशे किलोचं. उरलेल्या अडीचशेत ८०-८० किलोची दोन माणसं बसली की इंधन-सामानाला ९० किलो राहतात. त्यात आपला मे महिना! पारा ४५च्या घरात गेला की हवा विरळ होते, इंजिनाची ताकद घटते, पंखांना उचल कमी मिळते आणि धावपट्टी जास्त लागते. दुपारच्या झळांत हलकं विमान पतंगासारखं हेलकावतं, म्हणून उन्हाळ्यात धडा सकाळीच.

या वर्गात बहुतेक ठिकाणी रोटॅक्स ९१२ इंजिन दिसतं. ते गाडीच्या पेट्रोलवर चालतं हे खरं, पण इथेनॉल १० टक्क्यांपर्यंतच. आपल्या पंपांवर आता २० टक्क्यांचं मिळतं. विकणारा हे सांगत नाही.

आणि पैसे देण्याआधी लेखी विचारा: या विमानावरचे तास डीजीसीएच्या (देशातल्या नागरी विमान वाहतुकीची नियामक संस्था) परवान्यासाठी धरणार का? खासगी परवान्याला ४० तास लागतात, व्यावसायिकला २००.