पिनकोडची चूक पिनकोडखालीच दिसावी

प्रश्न : कोल्हापुरी चपलांच्या ऑर्डरसाठी जँगोमध्ये (पायथनमधली वेबसाइट बनवायची चौकट) फॉर्म केलाय. ‘घरपोच’ निवडलं तर पिनकोड सक्तीचा, ‘दुकानातून नेणार’ असेल तर नको. तपासणी होते, पण संदेश पिनकोडखाली न येता फॉर्मच्या डोक्यावर येतो. मधूनच कीएरर (मागितलेलं नाव डेटात नाही, अशी चूक) येऊन पानही बंद पडतं.
— एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुम्ही फॉर्म तपासणाऱ्या ‘क्लीन’ मेथडमध्ये व्हॅलिडेशनएरर (तपासणीतली चूक) रेज करताय, म्हणजे उठवताय, असं दिसतं. ही मेथड अख्ख्या फॉर्मची. चूक कुठल्या फील्डची हे तिथून जँगोला कळत नाही. रेजच्या जागी ‘सेल्फ.अ‍ॅड_एरर’ वापरा. पहिलं आर्ग्युमेंट फील्डचं नाव, दुसरं संदेश. नाव कोडमधलंच द्या, पानावर दिसणारं लेबल दिलंत तर व्हॅल्यूएरर येईल. रेज केलं की क्लीन तिथंच थांबतं, अ‍ॅड_एररनं थांबत नाही, त्यामुळे गिऱ्हाइकाला सगळ्या चुका एकदम दिसतात. पिनकोड फील्डचं ‘रिक्वायर्ड’ (सक्तीचं) मात्र फॉल्स ठेवा, नाहीतर दुकानातून नेणाराही अडकेल.

आता कीएरर. गिऱ्हाइकानं पाच आकडीच पिनकोड टाकला आणि तो फील्डच्या तपासणीत नापास झाला, तर ‘क्लीन्ड_डेटा’त, म्हणजे तपासणीत पास झालेल्या माहितीत, तो नसतोच. चौकोनी कंसानं मागितलात की पान बंद. ‘गेट’नं मागा. पण मग व्हॅल्यू म्हणून नन (म्हणजे ‘काहीच नाही’) मिळतं आणि ‘पिनकोड भरा’ हा दुसरा संदेशही चिकटतो. भरलेल्या माणसाला ‘भरा’ म्हटलं की तो वैतागतो. म्हणून आधी ‘हॅज_एरर’नं पाहा, त्या फील्डवर चूक आधीच नसेल तरच आपली जोडा.

फक्त पिनकोडपुरता नियम असेल तर ‘क्लीन_’पुढं फील्डचं नाव जोडून वेगळी मेथड लिहा. तिथं रेज चालतं, संदेश बरोबर त्याच फील्डखाली जातो. शेवटी तपासलेली व्हॅल्यू रिटर्न करायला विसरू नका. विसरलात तर एरर न येता नन पुढं जातं. आणि सुरुवात ४१६ म्हणजे कोल्हापूर असा नियम लावू नका, सांगलीचा ४१६४१६ आणि सावंतवाडीचा ४१६५१० त्यातच येतात.

माप शिल्लक आहे का, हे व्ह्यूमध्ये (पानाची विनंती हाताळणारा कोड) तपासत असाल तर फॉर्म तपासणाऱ्या ‘इज_व्हॅलिड’नंतर तिथूनही अ‍ॅड_एरर करता येतं. मग तोच फॉर्म रेंडर करा, म्हणजे पानावर पुन्हा दाखवा; रीडायरेक्ट केलं किंवा नवा फॉर्म बनवला की संदेश गेला. टेम्प्लेट (पानाचा साचा) हातानं लिहिलं असेल तर प्रत्येक फील्डखाली त्याचे ‘एरर्स’ छापलेत ना, तेही बघा.