विद्यापीठात मूडल इतर प्रणालींशी जोडायचं असेल तर आधी विद्यार्थ्यांची यादी जोडा

मॅडम, तुमचा प्रश्न वाचला. विभागांसाठी मूडल (ऑनलाइन कोर्स चालवायची प्रणाली) बसवलं आहे, प्रवेशाचं आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच कंपनीचं आहे, तास गूगल मीटवर होतात, मजकूरचोरी तपासायचं साधन ग्रंथालयाच्या ताब्यात आहे, आणि नव्या सत्रापासून हे सगळं एकत्र चालायला हवं असा आदेश आला आहे. कोणत्या कंपनीकडे एपीआय (एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याशी बोलायची सोय) आधी मागायचा, असं तुम्ही विचारलंय.

मूडल सांभाळायचं काम मी बरीच वर्षं करतोय. माझं मत स्पष्ट आहे: एपीआयचं नंतर बघू, आधी विद्यार्थ्यांची यादी. कुठल्या विषयाला कोण बसतो, याची खात्रीची यादी रोज रात्री आपोआप मूडलमध्ये उतरत असेल, तर बाकीच्या जोडण्या आठवड्याभराची कामं आहेत. ती उतरत नसेल, तर शिक्षक पंधरा दिवसांत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर परत जातील आणि त्यांना दोष देता येणार नाही. वर्गातली निम्मी मुलं कोर्समध्ये दिसतच नसतील तर त्यांनी करायचं काय?

आपल्याकडे ही यादी स्थिर नसते, खरी अडचण तिथे आहे. प्रवेशाच्या फेऱ्या चालू असतानाच तास सुरू होतात. मुलं तुकडी बदलतात, विषय बदलतात. त्यात नवीन शैक्षणिक धोरणामुळे रसायनशास्त्राची मुलगी ओपन इलेक्टिव्ह म्हणून इतिहास घेते, म्हणजे ‘एफवायची अ तुकडी’ असा एक गट करून भागत नाही. नोंदणी विषयवारच लागते, आणि ती माहिती प्रवेश विभागाच्या डेटाबेसमध्येच असते. म्हणून त्या कंपनीकडे मोठं काही मागू नका. फक्त वाचता येईल असा एक व्ह्यू, म्हणजे डेटाबेसमधला ठरावीक तक्ता मागा: पीआरएन (विद्यापीठाने विद्यार्थ्याला दिलेला कायम नोंदणी क्रमांक), विषयाचा कोड, भूमिका (विद्यार्थी की शिक्षक). तीन रकाने पुरे. मूडलमध्ये ‘एक्स्टर्नल डेटाबेस’ नावाची नोंदणीपद्धत मुळातच आहे, ती हा व्ह्यू थेट वाचते. कंपनी व्ह्यू द्यायला तयार नसेल तर रोज रात्री एक सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी यादी) ठरलेल्या जागी ठेवायला सांगा, ‘फ्लॅट फाइल’ पद्धत ती उचलते.

इथलं एक सेटिंग पहिल्याच दिवशी बघून घ्या. यादीतून नाव गेलं की मूडलने काय करावं, हे ठरवता येतं. तिथे ‘अनएनरोल’ ठेवू नका, ‘डिसेबल कोर्स एनरोलमेंट’ ठेवा. एखाद्या रात्री समोरून अर्धवट यादी आली तर पहिल्या पर्यायात मुलं कोर्समधून काढली जातात आणि त्यांच्या गुणांची निस्तरानिस्तर तुमच्या गळ्यात पडते. दुसऱ्यात कोर्समध्ये शिरणं फक्त थांबतं आणि पुढच्या रात्री बरोबर यादी आली की पूर्ववत होतं.

आता पीआरएन. मूडलच्या ‘आयडी नंबर’ या रकान्यात पीआरएनच टाका. मोबाइल नंबर किंवा ईमेल ओळख म्हणून वापरू नका. प्रवेशाचा अर्ज सायबर कॅफेत भरला जातो, तिथे कॅफेवाल्याचाच ईमेल पडलेला असतो, आणि मोबाइलचं सिम वर्षभरात बदलतं. पण पीआरएनलाही एक धोका आहे. मुंबई विद्यापीठासारखा तुमचा पीआरएन १६ आकडी असेल, तर फाइल एक्सेलमध्ये साधी उघडली की रकान्यात ‘२.०२ई+१५’ असं काहीतरी दिसतं. लोक रकाना रुंद करतात, आकडा पूर्ण दिसतो आणि समाधान होतं. पण एक्सेल १५च आकडे धरून ठेवतं, सोळावा शून्य होतो. म्हणजे ओळीने नंबर मिळालेले दहा विद्यार्थी एकाच नंबरवर येतात, आणि ती फाइल सेव्ह झाली की मूळ आकडा गेला. कार्यालयातल्या लोकांना फाइल बघायचीच असेल तर इम्पोर्ट करताना तो रकाना ‘टेक्स्ट’ करायला शिकवा. तपासणी सोपी आहे: सगळे पीआरएन शून्याने संपत असतील तर ती फाइल परत पाठवा.

यादी नीट झाली की लॉगिन. विद्यापीठाचे स्वतःचे गूगल खाते प्रत्येक विद्यार्थ्याला दिलेले असतील तर मूडलमध्ये ओऑथ २ (एका खात्याने दुसरीकडे लॉगिन करायची पद्धत) चालू करून तेच खाते वापरा. एकच पासवर्ड राहतो आणि ‘पासवर्ड विसरलो’ हे फोन बरेच कमी होतात. खाती सगळ्यांना दिलेली नसतील तर आधी ती द्या, खासगी जीमेलवर ही इमारत उभी करू नका.

मजकूरचोरी तपासण्यासारखी बाहेरची साधनं मूडलला जोडण्यासाठी एलटीआय हे मानक आहे. कंपनीला एकच नेमका प्रश्न विचारा: एलटीआय १.३ आहे का, आणि गुण परत पाठवायची ‘असाइनमेंट अँड ग्रेड सर्व्हिसेस’ त्यात आहे का? जुन्या १.१ मध्ये एक की आणि एक गुप्त शब्द दोन्हीकडे ठेवून काम चालायचं. १.३ मध्ये मूडल सही केलेलं टोकन पाठवतं, ते जास्त सुरक्षित आहे. जोडताना नाव आणि ईमेल समोरच्या साधनाला द्यायचं की नाही, हे मूडल वेगवेगळं विचारतं. गरज नसेल तिथे ‘नेव्हर’ करा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालची व्यक्ती बालक धरली आहे, आणि पहिल्या वर्षात सतरा वर्षांची मुलं असतातच. हा विचार करार करतानाच करावा, आणि करार संपल्यावर सगळा डेटा वापरता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, हे कलम त्यात असलंच पाहिजे.

गुणांची जोडणी सगळ्यात शेवटी, आणि एकाच दिशेने. मूडलमधून थेट निकालाच्या डेटाबेसमध्ये लिहिणारी जोडणी कुणी सुचवली तरी मान्य करू नका. अंतर्गत गुणांवर शिक्षकाची आणि विभागप्रमुखाची सही होते, आणि परीक्षेची जबाबदारी २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे परीक्षा व मूल्यमापन मंडळाच्या संचालकांकडे असते. त्यांच्या मान्यतेशिवाय आकडा हलता कामा नये. शिक्षकाने मूडलमधलं ग्रेडबुक (गुणांचा तक्ता) कुलूपबंद करायचं, पीआरएनसकट फाइल काढायची, ती परीक्षा विभागाने स्वीकारायची. एक पायरी जास्त आहे, पण वाद झाला की कुठला आकडा कुणी दिला हे सांगता येतं.

स्वयं या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचावरचे क्रेडिट मूडलशी जोडायच्या भानगडीत पडू नका. २०२१ च्या यूजीसी नियमांत एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयंवरून घ्यायची मुभा आहे, पण ते क्रेडिट अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स या विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणाऱ्या सरकारी व्यवस्थेतून येतात. तिथे सॉफ्टवेअरपेक्षा समन्वयक शिक्षक महत्त्वाचा.

सर्व्हरबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगतो. मूडलचा क्रॉन (ठरलेली कामं आपोआप करणारा भाग) दर मिनिटाला चालू ठेवा, व्हिडिओ त्याच सर्व्हरवर चढवू नका, आणि सगळ्या विभागांची चाचणी सकाळी दहालाच उघडू देऊ नका. खेड्यातून येणाऱ्या मुलांसाठी मूडलचं मोबाइल अ‍ॅप चालू करा. त्यात साहित्य उतरवून ठेवता येतं आणि परवानगी दिली तर सरावचाचणीही नेटशिवाय सोडवता येते. ज्यांच्या घरी रेंज एकाच खोलीत येते, त्यांच्यासाठी ही सोय बाकी सगळ्या जोडण्यांपेक्षा मोठी आहे.

प्रवेशाच्या सॉफ्टवेअरमध्ये विषयवार नोंदणी आहे की फक्त वर्गवार, आणि तुमचा पीआरएन किती आकडी आहे, एवढं इथे लिहा. त्यावरून व्ह्यूची नेमकी क्वेरी लिहून देतो.