आदल्या रात्रीचा भात, दुसऱ्या दिवशीचा फ्राइड राइस

रत्नागिरीत पाककृतींचे वर्ग घेताना नेहमी दिसतं की, फ्राइड राइस शिकायला येणाऱ्यांचं सगळं लक्ष सॉस आणि भाज्यांकडे असतं. मी मात्र आधी भाताबद्दल विचारते. तो कसा शिजवला, किती लवकर थंड केला आणि रात्रभर कुठे होता, यावर चवही ठरते आणि पोटाचं आरोग्यही. म्हणून आलेल्या प्रश्नांतला सगळ्यांत काळजीचा प्रश्न आधी घेते.

रात्रीचा भात ओट्यावरच झाकून ठेवला होता. सकाळी कडकडीत परतून मुलाला डब्यात फ्राइड राइस दिला. दुपारी शाळेतून फोन आला, त्याला उलट्या होत होत्या. भाताला वास नव्हता. सासूबाई म्हणतात, आम्ही जन्मभर शिळा भात खाल्ला, काही झालं नाही. मग माझं चुकलं कुठे? (गुहागर)

ताई, परतण्यात तुमचं काही चुकलं नाही. मुलाला नेमका कशाने त्रास झाला ते डॉक्टरच सांगू शकतील, पण रात्रभर बाहेर राहिलेला भात हे उलट्यांचं ओळखीचं कारण आहे. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू मातीत असतात आणि तिथून तांदळावर येतात. भात शिजला तरी ते मरत नाहीत. भात कोमट होऊन तसाच राहिला की ते रुजतात, वाढतात आणि त्यांतले काही विष तयार करतात. हे विष १२१ अंश सेल्सिअसला दीड तास तापवलं तरी टिकतं. शिट्टी होताना कुकरच्या आत साधारण १२० अंश असतात, म्हणजे कढईत पाच मिनिटं परतून ते जाणं शक्यच नाही. त्याला वास नाही, चव नाही. खाल्ल्यावर अर्ध्या ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. बहुतेकांना एका दिवसात बरं वाटतं, पण मूल पाणीही पोटात ठेवत नसेल, लघवी कमी झाली असेल किंवा मलूल पडलं असेल तर घरी वाट बघू नका.

सासूबाईंचंही खोटं नाही. दरवेळी विष होतंच असं नाही. शिवाय पूर्वी पुष्कळ घरांत उरलेला भात पाण्यात घालून ठेवत. सकाळपर्यंत तो आंबायचा आणि कांद्याबरोबर न्याहारीला जायचा. चांगल्या आंबटपणात हा जिवाणू नीट वाढू शकत नाही. कोरडा भात झाकून ओट्यावर ठेवला तर त्याला हे संरक्षण मिळत नाही. आपल्याकडे रात्रीसुद्धा हवा उबदार असते, ती या जिवाणूच्या अगदी पथ्यावर पडते.

मी काय करते ते सांगते. जेवणं झाली की उरलेला भात परातीत बोटभर जाडीचा पसरायचा आणि पंख्याखाली ठेवायचा. पंधरा-वीस मिनिटांत वाफ जाते. मग पसरट डब्यात भरून, झाकण लावून फ्रिजमध्ये. शिजल्यापासून हे सगळं तासा-दीड तासात उरकायचं. फ्रिज पाच अंशांच्या खाली असावा आणि भात दुसऱ्या दिवशीच संपवावा. आपल्या फ्रिजमध्ये बहुधा साफ केलेली मासळी असते. ती खालच्या कप्प्यात आणि भात वरच्या कप्प्यात, म्हणजे मासळीचं पाणी भातावर गळणार नाही. पावसात लाइट गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो. त्यापुढे लाइट आली नाही तर तो भात टाकून द्यावा. अन्न टाकताना मलाही वाईट वाटतं, तरी माझं मत हेच आहे.

काकू, मी कॉलेजसाठी खोली घेऊन राहतो. फ्रिज आहे, पण गॅस एकच, तोही लहान. भात कढईत टाकला की गोळे होतात, परतत राहिलो तर पार गुरगुट्या होतो. (चिपळूण)

तुझा भात आधीच आसट असणार. रोज वरणाबरोबर खायला तसा चालतो, याला नाही चालत. दुसऱ्या दिवशी फ्राइड राइस करायचा असेल तर आदल्या रात्री पाणी थोडं कमी घाल किंवा उघड्या पातेल्यात भरपूर पाण्यात शिजवून वेळून काढ. भात थंड होताना त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो आणि फ्रिजच्या गारव्यात ही क्रिया खूप वेगाने होते. म्हणून रात्रभर फ्रिजमध्ये राहिलेलं शीत कडक होतं आणि परतताना मोडत नाही. कढईत टाकायच्या आधी, भात गार असतानाच, ओल्या बोटांनी गोळे सोडव. कालथ्याने कढईत गोळे फोडायला गेलास की पीठ होणारच.

लहान गॅसवर एका वेळी दोन वाट्यांहून जास्त भात घेऊ नकोस. जास्त टाकलास की कढई थंड पडते आणि भात परतण्याऐवजी वाफेवर शिजतो. मित्र जेवायला असले तर दोन घाणे कर. बिडाची कढई मिळाली तर उत्तम, ती उष्णता धरून ठेवते. कढई धुरावेपर्यंत तापव, दीड मोठा चमचा तेल, चार पाकळ्या बारीक चिरलेला लसूण, लगेच एक वाटी भाजी. गाजर आणि फरसबी आधी, कोबी आणि सिमला मिरची नंतर. चिरताना सगळं मटाराएवढं ठेव. दोन मिनिटांत भात घाल, पसरव आणि अर्धं मिनिट हात लावू नकोस. तळाला जरा खरपूस झालं की उलट. दोन छोटे चमचे सोया सॉस भातावर न ओतता कढईच्या तापलेल्या कडेवरून सोड, त्याचा वास बदलतो. पांढरी मिरी, पातीचा कांदा, झालं. मीठ चव घेऊनच.

आमच्या घरी उकडा तांदूळच असतो. त्याचा फ्राइड राइस करता येईल की बासमती आणावा? (मालवण)

बासमती आणू नका. उकडा तांदूळ सालासकट भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला असतो. त्या वाफवण्यात दाण्यातला स्टार्च एकदा शिजून घट्ट बसलेला असतो, त्यामुळे दाणा सहज फुटत नाही. फ्राइड राइसला असाच दाणा हवा. अट एकच: पेजेसाठी शिजवलेला भात घ्यायचा नाही. दाणा बोटात दाबल्यावर मध्ये किंचित लागतो तेव्हाच वेळून काढा. परतताना चमचाभर पाण्याचा हबका लागतो, कारण फ्रिजमध्ये हा भात फारच ताठ होतो. लाल तांदळाचा भातही याच पद्धतीने होतो. त्याची चव सोया सॉसखाली झाकली जाऊ नये म्हणून मी त्यात सॉस निम्माच घालते. पांढऱ्या तांदळात कोलम बरा. नव्या तांदळाचा भात चिकट होतो, तो टाळा.

ब्रोकोली, बेबी कॉर्न आमच्याकडे मिळत नाही. (देवगड)

नसू दे. चवळीच्या कोवळ्या शेंगा बारीक चिरून घ्या, त्या फरसबीइतक्याच करकरीत राहतात. उन्हाळ्यात ओले काजूगर सोलून घाला. त्या दिवसांत मी दुसरं काही शोधतच नाही, काजूगर, पातीचा कांदा आणि भरपूर मिरी एवढंच. फणसाच्या आठळ्या उकडून, सोलून, काप करून आधी तेलात लालसर करून घेतल्या तर दाताखाली छान येतात. लाल माठाची कोवळी देठंही चालतात. पडवळ, दुधी, दोडका मात्र नको, त्यांना पाणी सुटतं. भेंडी बुळबुळीत होते.

वडिलांना रक्तदाब आहे आणि फ्राइड राइस आवडतो. अजिनोमोटो न घातलं की झालं ना? (अलिबाग)

तेवढ्याने होत नाही, कारण खरी अडचण सोया सॉसची आहे. एका मोठ्या चमच्यात साधारण ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना दिवसभरात २,००० मिलिग्रॅमपेक्षा कमी घ्यायला सांगते. वडिलांच्या वाट्याला एक छोटा चमचा सॉस, वरून मीठ अजिबात नाही, आणि चवीला लसूण, मिरी, थोडं व्हिनेगर. अजिनोमोटोत वजनामागे मिठाच्या साधारण एक तृतीयांश सोडियम असतं. ते घातलंच पाहिजे असं मुळीच नाही.

खोबरेल तेलात केला तर? (वेंगुर्ला)

घाण्याचं खोबरेल लवकर धुरावतं, त्यामुळे मोठ्या आचेला शेंगदाण्याचं रिफाइंड तेल घ्या. खोबरेलाची चव हवीच असेल तर मध्यम आचेवर मोहरी, कढीपत्ता, हिरवी मिरची घालून सरळ फोडणीचा भात करा. तो फ्राइड राइसपेक्षा कुठेही कमी नाही.

गणपतीत घरी वीस-पंचवीस माणसं असतात. टोपभर भात उरतो. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना फ्राइड राइस करावा असं सुना म्हणतात. (संगमेश्वर)

सुनांची कल्पना चांगली आहे, फक्त टोप तसाच ठेवू नका. वरून गार लागला तरी टोपातला मधला भात कित्येक तास कोमट राहतो. वाढण्याआधीच अर्धा भात दोन-तीन परातींत काढून पसरा, गार करून डब्यांत भरा आणि फ्रिजमध्ये जागा असेल तेवढाच ठेवा. त्या दिवसांत फ्रिज नैवेद्याच्या दुधाने आणि भाज्यांनी भरलेला असतो, म्हणून डबा ठेवायची जागा सकाळीच करून घ्या. पंगतीत दुपारपासून उघडा राहिलेला भात यात मिसळू नका. तो वाया जाऊ नये म्हणून घमेलंभर गाईपुढेही ठेवू नका. एकदम खूप भात खाल्ला की गुरांच्या पोटात आम्ल वाढतं, रवंथ थांबतो आणि जनावर दगावूही शकतं. माडाच्या आळ्यात खड्डा करून पुरा आणि वर माती ओढा.