गाडीचे तीन हप्ते थकलेत, रिकव्हरीवाले गाडी ओढायची धमकी देतात. आधीच दिवाळखोरीचा अर्ज केला तर गाडी वाचेल का?

नाही वाचणार. ‘दिवाळं काढ, सगळं माफ होतं’ असं सांगणारे टपरीवरचे वकील गल्लोगल्ली आहेत आणि त्यांच्यामुळे लोकांच्या गाड्याही जातात, पैसेही. 2016 च्या दिवाळखोरी संहितेतला व्यक्तींसाठीचा भाग फक्त कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांना लागू झाला. बाकीच्यांना मुंबईत 1909 चा आणि मुंबईबाहेर 1920 चा जुनाच कायदा. त्या 1920 च्या कायद्याचं कलम 28 वाचा: तारण घेतलेल्या धनकोचा हक्क अर्जानंतरही शाबूत राहतो. आरसीवर फायनान्सचा बोजा चढलाय, म्हणजे गाडी तारण. अर्जाचा उपयोग झालाच तर कार्डाचं बिल, हातउसने यांच्यापुरता, तोही कोर्टात खेटे घालून.

आज करायचं ते असं. कर्जखात्याचा उतारा मागवा आणि निदान एक पूर्ण हप्ता थेट खात्यात भरा. एजंटच्या हातात रोख एक रुपया देऊ नका. थकबाकीचे दिवस सर्वांत जुन्या हप्त्यापासून मोजतात. 90 च्या वर गेले की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाचा शिक्का. मग एक हप्ता भरून भागत नाही, सगळी थकबाकी फेडेपर्यंत शिक्का निघत नाही. तीन हप्ते थकलेत म्हणजे तुम्ही त्या काठावरच आहात.

आता धमक्या. फोन सकाळी 8 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळात करता येतो. बाकी वेळचे फोन रेकॉर्ड करा. रस्त्यात गाडी अडवली तर ओळखपत्र आणि तुमच्या कर्ज क्रमांकाचं अधिकारपत्र मागा, आणि खात्री कर्जाच्या कागदावरच्या नंबरवर करा, एजंटने दिलेल्या नंबरवर नाही. चावी हिसकावली, बायकामुलांना खाली उतरवायला लागले, तर 112. गुंड पाठवून वसुली चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2007 सालीच बजावलंय. पोलीस ठाण्यात त्यांनी आधी कळवलेलं असतं, त्यामुळे हवालदार ‘तुमचं तुम्ही बघा’ म्हणेल. तरी तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या.

खरी मेख मात्र एका कागदात असते. गाडी काढून घेताना पॅडवरचा छापील फॉर्म पुढे करतात, ‘वाहन स्वखुशीने ताब्यात दिले’. घाबरलेला माणूस सही करतो आणि पुढे जबरदस्ती झाली हे शाबीत करताना त्याला नाकीनऊ येतात. सही नको. अगदीच सुटका नसेल तर सहीखाली ‘आक्षेप नोंदवून’, तारीख, वेळ, किलोमीटरचा आकडा लिहा आणि फोटो काढा. स्टेपनी, जॅक, म्युझिक सिस्टीम यादीत आलीच पाहिजे. फास्टॅग लगेच बंद करा, नाहीतर यार्डापर्यंतचा टोल तुम्हीच भराल.

‘गाडी गावाला गोठ्यात लपव’ हा सल्ला तर मला ऐकवतच नाही. हप्ता थकणं गुन्हा नाही, पण तारण गाडी दडवली किंवा परस्पर विकली तर फौजदारी होऊ शकते. चेक परत गेला असेल तर कलम 138 ची नोटीस हातात पडल्यापासून 15 दिवसांत पैसे भरा.

माझ्या मते हप्ते झेपत नसतील तर त्यांनी ओढायच्या आत गाडी स्वतः विका. बँकेकडून फोरक्लोजरचं, म्हणजे कर्ज आज पूर्ण फेडायला किती लागतील त्याचं पत्र घ्या, घेणाऱ्याला ती रक्कम सरळ कर्जखात्यात भरायला लावा, मग बँकेची एनओसी आणि आरसीवरचा बोजा उतरवायचा फॉर्म 35. यार्डात गाडी गेली की पार्किंगचं भाडं चढतं, लिलावात भाव पडतो आणि कमी पडलेली रक्कम तुमच्याच डोक्यावर राहते. कर्जच किमतीपेक्षा जास्त असेल तर उरलेली रक्कम माफ केल्याचं पत्र लेखी मिळाल्याशिवाय चावी देऊ नका.

तक्रार आधी बँकेकडे. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. आणि हो, करारात नोटिशीची मुदत किती दिलीय ते बघा, प्रत्येक फायनान्सची वेगळी असते. नातेवाइकांना फोन करून बदनामी करायला बंदी आहे, पण जामीनदाराला फोन जाणारच. मेव्हणा जामीन असेल तर त्याला आजच सांगून ठेवा, सिबिल त्याचाही बिघडतो.