साध्या सुती कुर्त्यावर आरसे लावले की ते धुण्यात निसटतात, असं का?

बहुतेक वेळा दोष चौकटीच्या, म्हणजे आरशावरून उभ्या-आडव्या घेतलेल्या टाक्यांचा असतो. आरशाला भोक नसतं, त्याला धरून ठेवतात फक्त दोरे. आधी कुर्ता धुऊन इस्त्री करा. नवं सुती कापड नंतर आटलं की आरशाभोवती चुण्या पडतात.

कापड भरतकामाच्या रिंगमध्ये ताणा. १० ते १२ मिमीचा गोल आरसा घ्या, मागे गोंदाचा एक ठिपका पुरे. भरतकामाच्या सहापदरी दोऱ्याचे ३ पदर सुईत ओवा. आरशावरून दोन उभे टाके, मग दोन आडवे. आडवे टाके उभ्यांच्या एकदा वरून, एकदा खालून न्या. ही चौकट कडेपासून किमान ३ मिमी आत आणि घट्ट हवी. कडेला घेतली तर पुढच्या टाक्यांच्या ओढीने ती बाहेर सरकते आणि आरसा सुटतो. मोठ्या आरशाला दुसरी, तिरपी चौकटही घालाच.

आता गोल फिरत काजटाका (शर्टाच्या काजाला घालतात तो फाशाचा टाका): एकदा चौकटीखालून सुई, एकदा आरशाला चिकटून कापडातून. टाके दाट घ्या. शेवटची गाठ मागे दोनदा मारा.

घासलेल्या कडेचेच आरसे घ्या, धारदार काच दोरा कापते. धुताना कुर्ता उलटा करून हातानेच धुवा, पिळू नका.