रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद?

वडिलांच्या अँजिओप्लास्टीला आठ महिने झालेत, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ६२ आलंय, तर आता कोलेस्टेरॉलची गोळी थांबवायची का, असं तुम्ही विचारलंय. नका थांबवू. तो ६२ गोळीनेच आणलाय. ती सोडली की काही आठवड्यांत आकडा जिथे होता तिथे परत जातो. शिवाय रिपोर्टवर छापलेलं 'शंभरच्या आत नॉर्मल' स्टेंटवाल्यांना (हृदयाच्या रक्तनळीत बारीक जाळी बसवलेल्यांना) लागू नाही. आपल्यासाठी ७० च्या खाली, आणि हल्ली बरेच डॉक्टर ५५ च्या खाली धरतात.

हा घोळ मी स्वतः घातलाय. स्टेंट बसल्यावर डॉक्टरांनी स्क्रीनवर आधीचं आणि नंतरचं चित्र दाखवलं. आधी मधेच खोडल्यासारखी रेघ, नंतर सलग. मला वाटलं, नळी मोकळी झाली, विषय संपला. चार महिन्यांनी स्टॅटिन, म्हणजे हीच कोलेस्टेरॉलची गोळी, गुपचूप बंद केली. पुढच्या तपासणीत एलडीएल १३८! डॉक्टर रागावले नाहीत. तेच चित्र काढून पेनाचं टोक ठेवलं, "ही जागा मी दुरुस्त केली. बाकीची नळी बघा." बाकीच्या नळीची कड जागोजागी कुरतडल्यासारखी होती.

स्टेंट जेमतेम दोन-तीन सेंटिमीटरचा, आजार मात्र धमन्यांच्या भिंतीत लांबवर पसरलेला. झटका मोठ्या ब्लॉकेजमुळेच येतो असंही नाही. नळी ४० टक्केच अडवणारा चरबीचा मऊ थर फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि नळी बंद. स्टॅटिनने तो थर घट्ट होतो, सहज फुटत नाही. गोळीने अंग दुखतं म्हणून ती नकोशी झाली असेल तर डॉक्टरांना तसं सांगा. डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते.

विचारलं नाहीत तरी सांगतो: स्टेंटनंतर दिलेली ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेलची जोडीही मनाने बंद करू नका. (रक्त पातळ करणारी म्हणतात खरं, पण रक्त पातळ होत नाही, प्लेटलेट, म्हणजे गुठळी धरणाऱ्या रक्तपेशी, एकमेकींना सहज चिकटत नाहीत एवढंच.) दात काढायचा होता तेव्हा एका दवाखान्यात मला 'पाच दिवस दोन्ही बंद' असं लिहून दिलं होतं. हृदयरोगतज्ज्ञांना फोन केला, ते साफ नाही म्हणाले. वेळेआधी बंद केल्यास स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. गोळ्या चालू ठेवूनच दात काढला. कापसाचा बोळा जरा जास्त वेळ दाबून धरावा लागला, बस.

बीपी, साखर, चालणं तुम्हाला ठाऊक असेलच. सिगारेट असेल तर एकही नको, 'फक्त जेवणानंतरची'सुद्धा नाही.

आणि चालताना छाती भरून आली तर वडिलांनी थांबून बसायचं. डॉक्टरांनी छातीदुखीसाठी दिलेली जिभेखालची गोळी बसूनच घ्यायची, उभ्याने घेतली तर चक्कर येऊ शकते. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर गाडीची किल्ली शोधू नका, रुग्णवाहिका बोलवा.