आईनं केमोबद्दल मोबाईलवर वाचावं का?

"मॅडम, आई सारखी मोबाईलवर केमोचे साईड इफेक्ट बघते आणि घाबरते. बघू नको म्हणून तुम्हीच सांगा." कोल्हापुरात नातेवाइकांची ही तक्रार मला नेहमी ऐकायला मिळते. मी तसं सांगत नाही.

कागलकडच्या एका मावशींची (तपशील बदललेत) स्तनाच्या कॅन्सरची पहिली केमो झाली. मुलानं मोबाईल आधीच काढून घेतला होता. रात्री लघवी लाल झाली. मावशी कुणाला बोलल्या नाहीत, उलट लघवीला जायला नको म्हणून पाणीच कमी केलं. पुढच्या केमोला आल्यावर पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "रक्त जात हुतं. पोराला सांगू नगा. डॉक्टर औषध बंद करतील."

ते रक्त नव्हतं. डॉक्सोरुबिसिन हे औषधच लालभडक असतं, त्यानं एक-दोन दिवस लघवी लालसर होते. पण जोडीला दिलेल्या सायक्लोफॉस्फामाइडमुळे मूत्राशयाला इजा होऊ शकते, म्हणून भरपूर पाणी प्यायचं असतं. मावशींनी नेमकं तेच टाळलं. लाली दोन दिवसांपेक्षा जास्त टिकली, जळजळ झाली किंवा लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या तर मात्र लगेच फोन करायचा.

मोबाईलवरच्या यादीत मळमळ आणि हृदयाचा त्रास एकाच रांगेत असतात, माणूस घाबरणारच. म्हणून वाचलेलं घेऊन या आणि विचारा: हे कधी सुरू होईल, कधी थांबेल, कशासाठी रात्रीही फोन करायचा? मावशींच्या फाईलवर सिस्टरांनी लिहून दिलं: केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी गळतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी (जंतूंशी लढणाऱ्या) प्रत्येक केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत सगळ्यात कमी होतील. ताप 100.4 झाला तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल. मनानं तापाची गोळी नको, ताप झाकला जातो. (थर्मामीटर आधी घ्या. हात लावून बघितलेला ताप मला चालत नाही.)

आणि त्रास सांगितला म्हणून केमो सहसा बंद होत नाही. मळमळीची गोळी बदलतात, गरज पडली तर डोस कमी करतात किंवा तारीख पुढं ढकलतात. हे मी मुलासमोरच सांगितलं. त्यानं मोबाईल परत दिला, जरा नाखुशीनंच.

मावशींचा पुढचा प्रश्न रश्श्याचा होता. पांढरा चालेल, घरचा, ताजा, मटण पूर्ण शिजलेलं. तांबडा मात्र तोंड आलं नसेल तरच, तोही बेतानं.